झेल्याचा नंबर

त्याचं खरं नाव चर्चच्या मंडळीच्या वहीत कुठेतरी लिहिलेलं असणारच, पण गेल्या तीस वर्षांत ते कुणी तोंडानं घेतलं असेल तर शपथ. सगळ्यांसाठी तो झेल्या. वयानं धाकटी माणसं पुढे ‘काका’ जोडायची, एवढाच काय तो मान. आणि हे नाव क्रिकेटमुळे पडलं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं ते डोक्यातून काढून टाकावं, कारण चेंडू झेलणं ह्या माणसाला जन्मात जमलं नाही. हा माणसं झेलायचा.

म्हणजे असं, की रविवारी उपासनेच्या शेवटी ज्यांना प्रार्थना करून हवी असेल ती माणसं पुढे येऊन उभी राहायची. पास्टर एकेकाच्या कपाळावर हात ठेवायचे. एखाद्याला आतून असं काही भरून यायचं की पायातलं बळच जायचं आणि तो सरळ मागे पडायचा. आता मागे कुणी नसलं तर डोकं फुटणार, नाही का? म्हणून तिथे एक माणूस लागतो. त्यानं दोन्ही हात पुढे करून तयार राहायचं, पडणाऱ्याला काखेत धरायचं आणि अलगद खाली निजवायचं. हे काम झेल्यानं इतकं बेमालूम केलं, की तो तिथे आहे हेसुद्धा लोक विसरून गेले.

सुरुवात झाली तेव्हा मंडळी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली होती. एक मोठी सतरंजी, भिंतीकडेला म्हाताऱ्यांसाठी चार खुर्च्या, आणि खालून येणारा जळक्या रबराचा वास. वाद्य म्हणाल तर एक खंजिरी, आणि तीसुद्धा पास्टरांच्या बायकोच्या हातात, जिला तालाशी काही देणंघेणं नव्हतं. पास्टर स्वतः घड्याळजी. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचे आणि रविवारी बायबल उघडायचे. बोलता बोलता मध्येच थांबायचे, खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि दोन-दोन मिनिटं खोलीत कुणी चकार शब्द काढायचं नाही. आजकाल दोन मिनिटं कुणी बोललं नाही तर लोकांना वाटतं माइक बिघडला.

झेल्या तेव्हा सव्विशीचा होता. धंदा घरसामान हलवायचा. कपाटं, फ्रिज, पलंग, एकदा तर अख्खा पियानो, सगळं खांद्याला पट्टा लावून जिन्यानं वरखाली. त्याच आठवड्यात त्यानं चौथ्या मजल्यावरून तीन दारांचं लोखंडी कपाट उतरवलं होतं आणि दंड अजून ठणकत होते. रविवारी घड्याळजींनी एका नर्सबाईंच्या कपाळावर हात ठेवला. नर्सबाई म्हणजे भरभक्कम काम. त्यांची आई महिन्यापूर्वी गेली होती आणि बाईंच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. घड्याळजी हळूच म्हणाले, “बाई, आज कुणाची सेवा करायची नाहीये. आज जरा टेका.” आणि बाई थेट मागे!

मागे झेल्या उभा होता. विचार करायला वेळच नव्हता. कपाट कलंडताना जातात तसे त्याचे हात पुढे गेले, गुडघे खाली बसले, आणि नर्सबाई सतरंजीवर आडव्या. खोलीभर ‘अरे अरे’ झालं, मग हशा पिकला, आणि मग कुणाला कळायच्या आत सगळेच रडायला लागले. नर्सबाई ‘आई, आई’ करून पोटभर रडल्या, उठल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, “मला धरलं कुणी? जिवंत आहे ना तो?” त्या दिवसापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

काय दिवस होते ते! रडायचे लोक तेव्हाही, नाही असं नाही. पण रडणं कुणी मागितलेलं नसायचं. कुणी कुणाकडे बघायचंसुद्धा नाही. रडून झालं की जिना उतरायचा, खाली सायकलवाल्याला राम राम म्हणायचं आणि घरी जायचं. घड्याळजी दारात उभे राहून प्रत्येकाला सांगायचे, “पडलात तरी ठीक, नाही पडलात तरी ठीक. घरी जाऊन माणसांशी नीट वागा म्हणजे झालं.”

अशी वर्षामागून वर्षं गेली, आणि झेल्याला वजन कळायला लागलं. खरा पडणारा एकदम येतो, सगळाच्या सगळा, हातचं काही न राखता. बाकीच्यांचे गुडघे आधी वाकतात. एखादीचा हात पडता पडता ओढणी सावरतो. एखादा डोळे मिटायच्या आधी हळूच मागे बघतो, झेल्या जागेवर आहे ना. झेल्यानं ह्यातलं कुणालाही कधी बोलून दाखवलं नाही. त्यात लबाडी कमीच होती. शेजारची पडली आणि आपण खांबासारखं उभं, हे बरं दिसत नाही एवढंच बऱ्याच जणांच्या मनात असायचं. तो त्यांनाही तितक्याच अलगद निजवायचा.

आणि खरे पडणारे खरेच असायचे, हेही सांगून ठेवतो. एक बस ड्रायव्हर होता. मुलगा गेल्यापासून दोन वर्षं घरात कुणाशी बोलत नव्हता. तो एकदा पडला तेव्हा झेल्याच्या मनगटात कळ आली. खाली पडल्या पडल्या तो मुलाचं नाव घेऊन हंबरडा फोडून रडला, आणि त्या संध्याकाळी बायकोला म्हणाला, “चहा टाक.” दोन वर्षांनी! त्याला धरून खाली बसलेला असताना झेल्याला काय वाटलं असेल? हेवा वाटला. चक्क हेवा.

कारण झेल्याला कधी काही झालं नव्हतं.

एकदाही नाही. ना अंगावर काटा, ना डोळ्यात पाणी, ना छातीत ती ऊब जिच्याबद्दल सगळे बोलायचे. गाणी त्याला पाठ होती, प्रार्थना तो करायचा, बायबल रोज वाचायचा, कुणाचं घर बदलायचं असलं की टेम्पो घेऊन हजर. पण आत सगळं कसं सामान हलवून झालेल्या खोलीसारखं मोकळं. सुरुवातीला त्याला वाटायचं, येईल, आपलाही नंबर येईल. मग वाटलं, आपल्यातच काही खोट आहे. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की मागे उभ्या असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. लोकांना झेलत राहिलं की आपल्याला पुढे उभं राहावं लागत नाही. खरं सांगायचं तर तो तिथे लपला होता, भरल्या सभेत, सगळ्यांसमोर.

विचारलं फक्त एका व्यक्तीनं, त्याच्या बायकोनं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची आणि पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीलाच तिचे डोळे वाहायला लागायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका रविवारी घरी येताना तिनं विचारलं, “अहो, तुम्हाला नाही का कधी होत असं?” तिच्या चेहऱ्यावर अजून तो उजेड होता. तो विझवायचं त्याच्या जिवावर आलं. तो म्हणाला, “होतं की. माझं आतल्या आत असतं.”

झालं! बायकोनं ते वाक्य उचललं आणि गावभर केलं. कुणी काही म्हणायचा अवकाश, ही लगेच, “आमच्या ह्यांचं आतल्या आत असतं हो, दाखवत नाहीत ते.” ऐकणारे मान डोलवायचे, म्हणायचे, संथ पाणी खोल असतं. आणि झेल्या दर वेळी पायाकडे बघायचा.

आता खोली गेली. घड्याळजी जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचे जावई पास्टर झाले आणि मंडळी वाढत वाढत एका जुन्या गोदामात आली. सहाशे खुर्च्या, गालिचा, भिंतभर पडदा, निळे-जांभळे दिवे. जावई माणूस वाईट नव्हता हं, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये. रडायचा तो मनापासूनच रडायचा. पण आता प्रत्येक रविवारचा कागद निघायचा छापून. दहा वाजता स्वागत, दहा पाचला उड्या मारायची दोन गाणी, साडेअकराला ‘हळवी वेळ, बारा मिनिटं, मागे फक्त कीबोर्ड.’ झेल्यानं पहिल्यांदा तो कागद वाचला तेव्हा त्याला वाटलं छपाईची चूक असेल. मग दिवेवाल्याच्या हातातही तोच कागद दिसला.

झेलायलाही आता आठ जणांची टीम होती. काळे टी-शर्ट, व्यायामशाळेत कमावलेले दंड, कानात यंत्र. झेल्या त्यांच्यात जुन्या फर्निचरसारखा कडेला उभा असायचा.

मंडळीला तीस वर्षं होणार होती. त्याच्या आदल्या रविवारी पास्टर त्याच्याजवळ आले आणि दोन्ही खांदे धरून म्हणाले, “काका, तीस वर्षं तुम्ही सगळ्यांना झेललंत. पुढच्या रविवारी आम्ही तुम्हाला झेलणार. तुमच्यासाठी सगळी मंडळी प्रार्थना करणार, स्टेजवर.” बोलताना त्यांचे डोळे भरले होते. नाही कसं म्हणणार?

घरी बायकोचा उत्साह ओसंडून चाललेला. बहिणीला फोन, नणंदेला फोन. पांढरा शर्ट तिनं दोनदा इस्त्री केला. “इतकी वर्षं आतल्या आत ठेवलंत,” ती म्हणाली, “एकदा बाहेर येऊ द्या. रडलात तरी चालेल हो.” आणि शर्ट खांद्याला लावून बघताना तिचा चेहरा असा काही फुलला होता, की झेल्याला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तिला कळलं तर? पडला नाही तर तिला कळणार. पडला तर सहाशे लोकांसमोर देवाच्या नावानं नाटक. इकडे आड, तिकडे विहीर.

गुरुवारी कुणाचं तरी सामान गाडीत भरताना डबल बेडची गादी जमिनीवर पडलेली दिसली. आजूबाजूला कुणी नव्हतं. झेल्या गादीला पाठ करून उभा राहिला, डोळे मिटले आणि स्वतःला मागे सोडलं. पाय आपोआप मागे गेला आणि तो उभाच. पुन्हा केलं. पुन्हा उभाच. जन्मभर तोल सांभाळलेलं ते शरीर, ते काय ऐकतंय! शेवटी त्यानं गुडघे जरा वाकवले, मान सैल सोडली, आणि धप्पकन गादीवर. तेवढ्यात टेम्पोचा ड्रायव्हर आला.

“काय रे, काय झालं?”

“काही नाही. गादी बघतोय, स्प्रिंग बरी आहे का.”

“आपण ती पोचवायची आहे, विकत नाही घ्यायची,” ड्रायव्हर म्हणाला. पण झेल्याला कळायचं ते कळलं होतं. त्याला पडता येत होतं.

रविवार उजाडला. पहिल्या रांगेत बायको, शेजारी तिची बहीण. गाणी झाली, भाषणं झाली, पडद्यावर त्या जुन्या खोलीचे फोटो आले. एका फोटोत घड्याळजी खिडकीबाहेर बघत होते. झेल्याला त्या क्षणी ती खोली इतकी आठवली, की घशाशी काहीतरी आलं. पण ते देवाचं नव्हतं, ते घड्याळजींचं होतं, एवढं त्याला कळत होतं.

मग दिवे मंद झाले. कीबोर्ड सुरू झाला. झेल्या स्टेजच्या मधोमध उभा राहिला, मागे दोन काळे टी-शर्ट. त्यातला एक कानाशी कुजबुजला, “काका, काळजी करू नका. फक्त गुडघे थोडे वाकवा.”

अरे, हे हा मला शिकवतोय! झेल्याला एवढ्यातही हसू आलं.

पास्टरांनी कपाळावर हात ठेवला. हात गरम होता. ते प्रार्थना करत होते, आवाज वर चढत होता, खाली सहाशे हात वर गेले होते. झेल्या वाट बघत होता. मनापासून बघत होता, हे कुणी खोटं म्हणू नये. म्हणत होता, देवा, आता तरी. एकदाच. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी. आणि आत तीच मोकळी खोली.

कपाळावरचा हात जरा मागे रेटू लागला. झेल्याचे पाय रुतलेले. हातानं अजून जोर लावला. झेल्यानं डोळे उघडले. खाली पहिल्या रांगेत बायको डोळे मिटून, हात जोडून, ओठ हलवत होती. आता पडायचं, त्यानं ठरवलं. गुडघे सैल केले. शरीर मागे झुकलं. आणि नेमकं तेव्हाच त्याला आठवलं ते नर्सबाईंचं वजन, त्या बस ड्रायव्हरचं वजन. ती माणसं खरी पडली होती त्याच्या हातात. त्यांच्या पंक्तीत खोटं जाऊन निजायचं? नाही जमलं. पाय मागे गेला आणि तो उभा राहिला.

तो पुढे वाकून पास्टरांच्या कानात हळूच म्हणाला, “पास्टर, माफ करा. मला काही होत नाही. कधीच झालेलं नाही. आतल्या आतसुद्धा नाही. बायकोला मी खोटं सांगितलं होतं.”

आता पास्टरांच्या गालाला तो शेंगदाण्याएवढा माइक चिकटवलेला असतो, हे जुन्या खोलीतल्या माणसाला सुचावं कसं? कपाटांशी बोलणाऱ्याला माइकची सवय नसते. त्याचा शब्दन् शब्द बारा स्पीकरमधून गोदामभर घुमला. कीबोर्डवाल्याची बोटं थांबली. सहाशे हात हवेत तसेच.

बायकोनं डोळे उघडले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उठली, स्टेजच्या पायऱ्या चढली. सगळ्यांना वाटलं, आता ही ह्याच्या थोबाडीत देते. झेल्यालाही तेच वाटलं, आणि त्यानं गालसुद्धा तयार ठेवला. पण ती वळसा घालून त्याच्या मागे गेली, त्या दोन टी-शर्टना हातानंच बाजूला सारलं, आणि दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

“अगं, तू कशाला?” झेल्या घाबरून म्हणाला. “तुला पेलवणार नाही मी.”

“तुम्ही पडणार नाही म्हणताय ना?” तिचा आवाज चिरकत होता. “मग माझं काय जातंय?”

हेही स्पीकरमधून गेलं. मागच्या रांगांतून कुणीतरी खुदकन हसलं, मग बरेच हसले, आणि पास्टरांनी घाईघाईनं माइक मुठीत धरला. कागदावरची बारा मिनिटं संपायला अजून सात बाकी होती. ती सात मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

बाहेर बस थांब्यावर दोघं उभी राहिली तेव्हा डोक्यावर ऊन होतं. बहिणीला तिनं आधीच रिक्षात बसवून दिलं होतं. ती हातातली बसभाड्याची नाणी परत परत मोजत राहिली. झेल्याला वाटलं, संपलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी जगाला सांगत फिरले,” शेवटी ती म्हणाली. “आतल्या आत, आतल्या आत. हसत असतील लोक मला.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” ती रस्त्याकडे बघत होती. “म्हणजे कधीच काही नाही? गाण्यातसुद्धा नाही?”

“नाही.”

“प्रार्थनेत? एकटे असताना?”

“नाही गं. बोलतो मी, पण पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही. असेल असं धरून बोलतो.”

“आणि तरी दर रविवारी यायचात.”

“हो.”

“तीस वर्षं?”

“एकदा कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा नव्हतो आलो.”

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं त्याच्याकडे वळून असं बघितलं, जसं लग्नाआधी बघितलं होतं, कोण आहे हा माणूस म्हणून.

“मला वाटतं म्हणून मी येते हो,” ती म्हणाली. “रडू येतं, हलकं वाटतं, म्हणून येते. ते यायचं थांबलं असतं ना, तर मी दुसऱ्या रविवारी घरी बसले असते. दुसऱ्या! तुमच्यासारखं तीस वर्षं कुणाच्या दारात उभं राहणं मला नसतं जमलं.”

आणि ती रस्त्यातच हमसून हमसून रडायला लागली. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं जरा वाट पाहिली आणि बस निघून गेली. दोघांपैकी कुणालाच चढायचं सुचलं नाही.